बिल्डमध्ये नको ती फाइल शिरते कुठून?

पायथनचं पॅकेज बांधणाऱ्यांच्या दोन तक्रारी असतात. हवी ती फाइल पॅकेजमध्ये गेली नाही, ही एक. नको ती फाइल गेली, ही दुसरी. पहिली लगेच उघडकीला येते, कारण प्रोग्राम बंद पडतो आणि फोन वाजायला लागतो. दुसरी कोणाच्याच लक्षात येत नाही. प्रोग्राम व्यवस्थित चालत असतो, आणि जी फाइल आपल्या ऑफिसबाहेर जायलाच नको होती ती गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर जाऊन बसलेली असते. मला दुसरीची धास्ती जास्त वाटते, म्हणून हे सगळं मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

मी सांगलीत, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत रिलीजचं काम बघते. बांधलेलं पॅकेज बाहेर जाण्याआधी शेवटी माझ्या हाताखालून जातं. उदाहरण घेतलंय तेही आमच्याच एका पॅकेजचं, ‘अक्षरी’ नावाचं. पावतीवरची आकड्यातली रक्कम ते शब्दांत लिहून देतं: १,२५,७५० दिले की ‘एक लाख पंचवीस हजार सातशे पन्नास’. शंभरपर्यंतचे सगळे शब्द एका जेसन फाइलीत आहेत, कोडमध्ये नाहीत, कारण प्रत्येक संस्थेला आपल्या छापील पावतीवरचंच शुद्धलेखन हवं असतं.

आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

प्रकल्पाची रचना साधी आहे. मुळाशी ‘अक्षरी’ हे कोडचं फोल्डर, त्यात ‘विदा’ नावाच्या फोल्डरमध्ये शब्द.जेसन. शेजारी ‘टेस्ट्स’ फोल्डर, त्यात चाचण्या आणि ‘नमुने’ नावाचं उपफोल्डर, आणि त्या नमुन्यांत पावत्या.सीएसव्ही. चाचण्यांसाठी कोणीतरी खऱ्या पावत्यांवरून तयार केलेली ही फाइल: सभासदाचं नाव, खाते क्रमांक, रक्कम. बांधणीचे नियम दोन ठिकाणी: पायप्रोजेक्ट.टॉमल आणि मॅनिफेस्ट.इन. बांधणारं साधन सेटअपटूल्स.

आधी बांधलेलं पॅकेज उघडून बघा

कॉन्फिगरेशन वाचून आत काय गेलं असेल याचा अंदाज बांधू नका. बांधा आणि उघडा. ‘पायथन -एम बिल्ड’ चालवलं की ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये दोन फाइली तयार होतात. एक एसडिस्ट, म्हणजे टार.जीझेड, त्यात मूळ सोर्स असतो. दुसरी व्हील, तिचं एक्स्टेन्शन काहीही असलं तरी ती साधी झिप फाइल आहे. पिप, म्हणजे पॅकेज उतरवून बसवणारं पायथनचं साधन, इन्स्टॉल करताना योग्य व्हील सापडलं तर तेच उचलतं, म्हणून गिऱ्हाइकाकडे प्रत्यक्ष पोचतं ते व्हील.

एसडिस्टमधली यादी ‘टार टीझेडएफ’ने दिसते. व्हीलसाठी ‘पायथन -एम झिपफाइल -एल’ आणि पुढे फाइलीचं नाव. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि विंडोजवरही चालतं.

यादी लांब असेल तर आधी एकच फाइल बघा. व्हीलच्या आत डिस्ट-इन्फोने संपणारं एक फोल्डर असतं, त्यात सेटअपटूल्सने टाकलेली टॉप_लेव्हल.टीएक्सटी. गिऱ्हाइकाच्या साइट-पॅकेजेसमध्ये, म्हणजे इन्स्टॉल केलेली पॅकेजं जिथे बसतात त्या फोल्डरमध्ये, सर्वात वरच्या पातळीवर कोणकोणती नावं उमटणार ते तिच्यात लिहिलेलं असतं. आमच्या बाबतीत तिथे ‘अक्षरी’ एवढी एकच ओळ हवी. ‘टेस्ट्स’, ‘डॉक्स’ किंवा ‘बिल्ड’ दिसलं की रिलीज थांबवायचं. एकदा आमची पावत्या.सीएसव्ही व्हीलमध्ये शिरली होती, ते मला कळलं याच फाइलीमुळे. तिच्यात दोन नावं होती, दुसरं ‘टेस्ट्स’. मग पूर्ण यादी काढली तर त्यात टेस्ट्स/नमुने/पावत्या.सीएसव्ही. व्हील बाहेर गेलेलं नव्हतं.

तीन ओळी, आणि प्रत्येक आपापल्या जागी योग्य

ही फाइल कोणीही ‘टाक’ म्हणून सांगितलेली नव्हती. तीन वेगवेगळ्या निर्णयांची ती बेरीज होती, आणि असं होतं तेव्हा बहुतेक वेळा बेरीजच असते. म्हणून एकेक निर्णय नीट बघू.

पहिला निर्णय मॅनिफेस्ट.इनमध्ये: ‘ग्राफ्ट टेस्ट्स’. म्हणजे टेस्ट्स फोल्डर सगळंच्या सगळं एसडिस्टमध्ये घ्या. हेतू चांगला, कारण सोर्स घेणाऱ्याला चाचण्या चालवता याव्यात. मॅनिफेस्ट.इन ही पद्धत डिस्टयुटिल्स या जुन्या बांधणीच्या साधनाच्या काळातली आहे. डिस्टयुटिल्स पायथनमध्ये आलं २००० साली आणि पायथन ३.१२ने २०२३ मध्ये ते काढून टाकलं, पण सेटअपटूल्सने स्वतःची प्रत ठेवली आहे, त्यामुळे हे नियम अजून जिवंत आहेत. बरेच जण ही फाइल फक्त एसडिस्टपुरती समजतात. पुढचे दोन निर्णय तो समज मोडतात.

दुसरा निर्णय पायप्रोजेक्ट.टॉमलमधला. तिथे ‘टूल.सेटअपटूल्स.पॅकेजेस.फाइंड’ या शीर्षकाखाली फक्त ‘व्हेअर’ दिलेलं होतं, त्यात टिंब, म्हणजे चालू फोल्डर. २०२२ मध्ये आवृत्ती ६१पासून सेटअपटूल्स पॅकेज (इथे अर्थ कोडचं फोल्डर) आपोआप शोधायला शिकलं. त्या आपोआप शोधात टेस्ट्स, डॉक्स, एक्झाम्पल्स, बिल्ड अशा ओळखीच्या नावांची फोल्डरं ते स्वतःहून वगळतं. पण तुम्ही ‘फाइंड’चा विभाग स्वतः लिहिलात की ती वगळण्याची यादी लागू होत नाही. मग ‘इन्क्लूड’ न देता सोडलं तर त्याचा अर्थ ‘सगळं घ्या’ असा होतो. आणि पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये ‘नेमस्पेसेस’ हा पर्याय मुळातच चालू असतो, त्यामुळे फोल्डरमध्ये इनिट फाइल (हे फोल्डर पॅकेज आहे अशी खूण) असायलाच हवी अशी अटही उरत नाही. नावात टिंब नसलेलं कुठलंही फोल्डर पॅकेज ठरतं. टेस्ट्सही पॅकेज, टेस्ट्समधलं नमुनेही पॅकेज.

सेटअप.पीवाय या बांधणीच्या जुन्या नियमफाइलीवर वाढलेल्या मंडळींना इथे हमखास ठेच लागते. तिथल्या ‘फाइंड_पॅकेजेस’ला इनिट फाइल लागायची. ती नसलेलं फोल्डर सुरक्षित, हा हिशेब डोक्यात पक्का बसलेला असतो, आणि तो इथे चालत नाही.

तिसरा निर्णय कोणी घेतलेलाच नाही, तो आपोआप लागू झाला. ‘इन्क्लूड-पॅकेज-डेटा’ या पर्यायाचा अर्थ असा: पॅकेजच्या फोल्डरमध्ये पायथन सोडून ज्या फाइली आहेत आणि ज्या एसडिस्टच्या यादीतही आहेत, त्या व्हीलमध्येही घ्या. सेटअप.पीवायमध्ये हा पर्याय मागितल्याशिवाय चालू होत नाही. पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये तो आधीपासून चालू असतो. जुना प्रकल्प नव्या पद्धतीवर आणताना सगळ्या ओळी एकास एक उतरवल्या तरी हा एक फरक मागच्या दाराने आत येतो.

आता बेरीज करा. ग्राफ्टमुळे सीएसव्ही एसडिस्टच्या यादीत आली. फाइंडमुळे तिचं फोल्डर पॅकेज ठरलं. इन्क्लूड-पॅकेज-डेटामुळे पॅकेजमधली यादीतली फाइल व्हीलमध्ये गेली. यातली कुठलीही एक कडी तोडली असती तरी ती आत गेली नसती.

कुठली तोडायची? पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो ‘एक्स्क्लूड’मध्ये ‘टेस्ट्स’ लिहिण्याचा. तो अपुरा आहे, आणि कसा अपुरा ते बघण्यासारखं आहे. ‘टेस्ट्स’ एवढंच लिहिलं तर फक्त त्या नावाचं पॅकेज वगळलं जातं. ‘टेस्ट्स.नमुने’ हे वेगळं पॅकेज धरलं जातं आणि ते राहतं. म्हणजे निरुपद्रवी टेस्ट_रक्कम.पीवाय बाहेर पडते आणि सभासदांची नावं असलेली सीएसव्ही आत राहते. वगळायचंच असेल तर मागे तारांकन हवं: ‘टेस्ट्स*’.

मी वगळण्याच्या वाटेला जातच नाही. उद्या कोणी ‘प्रयोग’ नावाचं नवं फोल्डर केलं तर वगळण्याच्या यादीत ते आठवणीने घालायला कोण बसलंय? त्यापेक्षा काय घ्यायचं ते सांगावं. ‘इन्क्लूड’मध्ये ‘अक्षरी’ आणि ‘अक्षरी.*’ अशी दोन नावं द्या. ‘अक्षरी*’ असं एकच दिलं तर शेजारी पडलेलं ‘अक्षरी_जुनं’ही त्यात बसतं, म्हणून टिंबासकट दोन. नवा प्रकल्प असेल तर याहून चांगली सोय म्हणजे ‘एसआरसी’ नावाचं फोल्डर करून कोड त्यात ठेवणं आणि ‘व्हेअर’मध्ये तेच देणं. टेस्ट्स त्याच्या बाहेर, त्यामुळे शोधात येण्याचा प्रश्नच नाही.

आणि फाइलीतली नावं? तीही बदलून घेतली. व्हीलमधून सीएसव्ही काढली तरी ती रेपोत, म्हणजे गिटने जपलेल्या कोडच्या साठ्यात, आणि एसडिस्टमध्ये होतीच. चाचणीच्या नमुन्यात खऱ्या माणसाचं नाव ठेवायचं काहीच कारण नसतं. रक्कम खरी ठेवा, चाचणी रकमेची आहे.

ओळ काढली, तरी फाइल जाईना

इथे माणसं खरी वैतागतात. समजा, एसडिस्टमधूनही नमुने काढायचे म्हणून मॅनिफेस्ट.इनमधली ग्राफ्टची ओळ खोडली. पुन्हा बांधलं. फाइल आहे तिथेच. पुन्हा तपासलं, ओळ खोडलेलीच आहे. असं झालं की लोक वाक्यरचनेत चूक शोधायला लागतात. चूक तिथे नसते.

सेटअपटूल्स प्रत्येक बांधणीत एग-इन्फो नावाने संपणारं फोल्डर तयार करतं आणि त्यात सोर्सेस.टीएक्सटी ठेवतं. ती एसडिस्टच्या फाइलींची यादी. पुढच्या बांधणीत ते ही जुनी यादी आधी वाचतं, तिच्यातल्या फाइली डिस्कवर अजून असतील तर त्या धरून चालतं आणि मग मॅनिफेस्ट.इनचे नियम त्यावर लावतं. म्हणजे मॅनिफेस्ट.इनमधून ‘घ्या’ची ओळ खोडली तर नव्याने घेणं थांबतं, पण मागच्या वेळी घेतलेलं तसंच पुढे येतं.

उपाय सोपा: एग-इन्फो फोल्डर काढून टाका आणि मग बांधा. ‘प्रून टेस्ट्स’ अशी स्पष्ट नकाराची ओळ लिहिली तरी काम होतं, कारण नकार जुनी यादी वाचून झाल्यावर लागू होतो.

व्हीलचाही असाच एक साठा असतो. व्हील बांधताना फाइली आधी बिल्ड/लिब या फोल्डरमध्ये कॉपी होतात आणि तिथून झिपमध्ये जातात. तिथलं जुनं कोणी साफ करत नाही. तुम्ही रक्कम_जुनी.पीवाय ही फाइल सोर्समधून काढलीत, तरी बिल्ड/लिबमध्ये ती असेल तर व्हीलमध्ये जाणार. यात एक बारकावा आहे. ‘पायथन -एम बिल्ड’ नुसतं चालवलं तर ते आधी एसडिस्ट बनवतं, तात्पुरत्या जागी ते उघडतं आणि व्हील त्यातून बांधतं, त्यामुळे तुमच्या फोल्डरमधला बिल्ड/लिब वापरला जात नाही. पण ‘--व्हील’ जोडलं तर व्हील थेट तुमच्या फोल्डरमधून बांधलं जातं आणि जुना साठा आत येतो. ‘पिप इन्स्टॉल’ पुढे टिंब दिलं तरी तेच; २०२१ मध्ये पिप २१.३ आल्यापासून ते प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच बांधणी करतं, पूर्वीसारखं तात्पुरत्या कॉपीत नाही. वेळ वाचतो म्हणून बऱ्याच बिल्ड स्क्रिप्टांत ‘--व्हील’ घातलेलं असतं. मी ते दिसलं की काढायला सांगते. दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे रिलीजसाठी नवीन क्लोन, रेपोची ताजी प्रत. वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये गिट क्लोन करायचं आणि तिथे बांधायचं. तुमच्या रोजच्या फोल्डरमधला कुठलाही उरलासुरला कचरा तिथे नसतो. काही जण त्याऐवजी ‘गिट क्लीन -एक्सडीएफ’ चालवतात, ती गिटमध्ये नसलेलं सगळं पुसते. चालवा, पण आधी एफच्या जागी एन देऊन काय काय पुसलं जाणार ते वाचा. गिटमध्ये नसलेली तुमची डॉट-ईएनव्ही फाइल, त्यातल्या पासवर्डसकट, त्याच यादीत असते, आणि ती परत येत नाही.

सहकारिणीच्या यंत्रावर एक, माझ्या यंत्रावर दुसरंच

कोड तोच, कमिट तोच, सेटअपटूल्सची आवृत्तीही तीच, पण एकीच्या एसडिस्टमध्ये दुप्पट फाइली. असं दिसलं तर पहिला संशय सेटअपटूल्स-एससीएमवर घ्या. हे पॅकेज आवृत्तीचा क्रमांक गिटच्या टॅगवरून काढतं, आणि लोक तेवढ्याचसाठी घेतात. पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट येते: गिटमध्ये असलेल्या सगळ्या फाइली ते एसडिस्टच्या यादीत घालतं. मॅनिफेस्ट.इन असो वा नसो. एवढंच नाही, बांधणीच्या वातावरणात ते नुसतं इन्स्टॉल असलं तरी पुरतं, प्रकल्पात त्याचं नाव नसलं तरीही. ‘--नो-आयसोलेशन’ देऊन, म्हणजे बांधणीसाठी वेगळं स्वच्छ वातावरण न करता, बांधणाऱ्यांच्या यंत्रावर ते दुसऱ्या कुठल्या तरी प्रकल्पासाठी आलेलं असतं. आयसोलेशन चालू ठेवलं तर फक्त पायप्रोजेक्ट.टॉमलच्या ‘बिल्ड-सिस्टिम’खाली लिहिलेलंच आत येतं. म्हणून ते बंद करू नका.

गिटइग्नोरवर, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीवर, भिस्त ठेवणारेही खूप भेटतात. सेटअपटूल्स गिटइग्नोर वाचतच नाही. मॅनिफेस्ट.इनमध्ये ‘ग्राफ्ट’ आणि पुढे टिंब लिहिलं, म्हणजे ‘इथलं सगळं’, तर गिटपासून लपवलेली डॉट-ईएनव्हीसुद्धा एसडिस्टमध्ये जाते. हॅचलिंग हे दुसरं साधन मात्र गिटइग्नोर मानतं. एका प्रकल्पात शिकलेला नियम दुसऱ्यात घेऊन जाताना बांधणारं साधन कोणतं ते आधी बघा.

फाइल गायब असेल तर

थोडक्यात. शब्द.जेसन व्हीलमध्ये नसेल तर ती एसडिस्टच्या यादीत आहे का ते बघा. नसेल तर मॅनिफेस्ट.इनमध्ये घाला, किंवा ‘पॅकेज-डेटा’मध्ये थेट लिहा. मला दुसरं आवडतं, त्यात व्हीलला काय हवं ते एकाच जागी वाचता येतं. चाचणी घेताना प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये उभं राहून घेऊ नका. पायथनला तिथे शेजारचंच ‘अक्षरी’ फोल्डर सापडतं आणि इन्स्टॉल केलेलं पॅकेज तपासलंच जात नाही. ‘पिप इन्स्टॉल -ई’नेही तेच होतं, सगळं सोर्समधून वाचलं जातं. रिकामं व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं वातावरण) करा, व्हील इन्स्टॉल करा, दुसऱ्याच फोल्डरमध्ये जा आणि एक रक्कम अक्षरी करून बघा.

यादी रेपोत ठेवा

आमच्या प्रत्येक पॅकेजच्या रेपोत आता व्हील_यादी.टीएक्सटी आहे. व्हीलमध्ये ज्या फाइली असायला हव्यात त्या, एका ओळीत एक, वर्णानुक्रमे. बांधणी झाली की स्क्रिप्ट व्हीलमधल्या नावांची यादी काढते, वर्णानुक्रमे लावून घेते आणि ‘डिफ’ने या फाइलीशी ताडते. फरक दिसला की बिल्ड लाल. डिस्ट-इन्फो फोल्डरच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो, तो ताडण्याआधी काढून टाका, नाहीतर प्रत्येक रिलीजला खोटी आरोळी ऐकू येईल आणि लोक ती तपासणी बंद करून टाकतील.

नवी फाइल खरंच हवी असेल तर जो ती आणतो त्यानेच यादीत ओळ घालायची. मग ती ओळ रिव्ह्यूमध्ये दिसते, आणि ‘पावत्या.सीएसव्ही’ असं नाव दिसल्यावर कोणीतरी विचारतंच. एसडिस्टसाठी चेक-मॅनिफेस्ट हे तयार साधन आहे, ते गिटमधल्या फाइली आणि एसडिस्टमधल्या फाइली ताडून दाखवतं. पॅकेज चढवणाऱ्या ट्वाइन या साधनाची ‘चेक’ आज्ञा मात्र यासाठी नाही. ती पॅकेजचं वर्णन नीट दिसेल का एवढंच बघते. आत कोणाच्या पावत्या आहेत याच्याशी तिचा संबंध नाही.

व्हील बाहेर गेलेलं असेल, तर पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर, ‘यँक’ करून थांबू नका. यँकमुळे पिप ती आवृत्ती आपणहून निवडत नाही, पण आवृत्ती नेमकी सांगून मागितली तर ती मिळते, आणि फाइल उतरवून घेता येते. फाइल डिलीट करा. त्याच नावाची फाइल पुन्हा चढवता येत नाही, म्हणून आवृत्तीचा क्रमांक वाढवून नवीन बांधा. आत पासवर्ड किंवा गुप्त की गेली असेल तर ती त्याच तासाला बदला, डिलीट करण्याच्याही आधी, कारण पायपीआयच्या नकला ठेवणाऱ्या मिररवर आणि लोकांच्या पिपच्या कॅशमध्ये प्रती राहिलेल्या असू शकतात. माणसांची नावं गेली असतील तर ती बदलता येत नाहीत. ज्या संस्थेची ती माणसं आहेत त्या संस्थेला त्याच दिवशी फोन करा आणि कोणती फाइल, कोणती नावं, किती वेळ बाहेर होती ते स्पष्ट सांगा.